हारूनची सायकल आणि कोरडी नदी

हारून खाडीच्या काठी जन्मला, पण खाडीला तो कधी भ्याला नाही. रत्नागिरीकडच्या त्याच्या गावात भरती कधी आणि ओहोटी कधी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिथलं पाणी सांगून येतं. भीतीशी त्याची गाठ पडली ती ओमानात, इब्र्याला आल्यावर, आणि तीही अशा नदीपाशी जिच्यात पाण्याचा थेंब नसतो.

इकडे तिला वादी म्हणतात. रुंद, पांढऱ्या गोट्यांची, जवळजवळ बारा महिने कोरडी. शेळ्या तिच्यात चरतात, पोरं फुटबॉल खेळतात. मग कधीतरी दूर डोंगरात पाऊस पडतो. इथे डोक्यावर ऊन असतं, आणि पाणी येऊन ठेपतं. पहिल्याच वर्षी हारूनने एक पिकअप गाडी त्या पाण्यात आगपेटीसारखी जाताना बघितली. तिचे दिवे पाण्याखाली बराच वेळ पेटलेले होते. डोळे मिटले की ते दिवे त्याला अजून दिसत.

हारून आणि त्याची बायको गुलबानू एकाच अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, कामाला होते. तो स्वयंपाकी, ती वरकामाला. मालकाचं घर वादीच्या पलीकडे, यांची खोली अलीकडे, जुन्या खजुराच्या बागेत. पहाटे फजरची नमाज झाली की दोघं वादी ओलांडत. पुलावरून जावं तर लांबचा वळसा, आणि मोठ्या रस्त्याला सुसाट गाड्या.

पुढे गुलबानूचा गुडघा गेला. ती मध्येच एखाद्या गोट्यावर टेकायची आणि म्हणायची, "जरा दम खाऊ द्या ओ. नदी काय पळून चाललीय?"

हारून डोंगराकडे बघत उभा राही. पाणी आलं तर ही पळणार कशी? हा एकच प्रश्न त्याला भाकरी गोड लागू देत नव्हता. पण भीती वाटते असं तो कुणाला सांगत नसे, मालकाला तर नाहीच. मिशी पांढरी झालेल्या माणसाने असं सांगायचं नसतं, असं त्याला वाटे.

बागेतल्या पडवीत खजुराच्या टोपल्यांखाली एक सायकल पडली होती. मालकाच्या तरुणपणची, लोखंडी, जड, तीन गिअरची. गिअर सगळे मागच्या चाकाच्या मधल्या डब्यात, हबमध्ये. हारूनने भीत भीत विचारलं तेव्हा मालक हसला. "यल्ला, घेऊन जा. गंजच उरलाय तिचा."

पैसा तर गावाकडे मुलीच्या शिक्षणाला जाई. मग दुरुस्ती झाली ती इकडून तिकडून. गंज डिझेलने आणि विटकरीच्या भुग्याने घासला. ब्रेकची रबरं जुन्या टायरातून कापली. गिअरची तुटकी तार गेली, तिच्या जागी भंगारातल्या मोटारसायकलची क्लचची तार आली. टायर-ट्यूब दयानंदने दिले. दयानंद अलिबागकडचा, इब्र्यात पंक्चरचं दुकान चालवायचा, आणि त्याची जीभ त्याच्या पान्यांपेक्षा जास्त चाले.

"भाईजान, या वयात वहिनींना डबलसीट? गावात असता तर पोरांनी शिट्ट्या मारल्या असत्या."

"तू गिअर बघ," हारून म्हणाला.

दयानंदने हब हलवून बघितलं. "आत बारीक खिट्ट्या असतात. त्या धरतात म्हणून चाक फिरतं. कोरड्या पडल्यात. उद्या मशीनचं पातळ तेल आणतो."

दयानंदचा उद्या दोन जुम्मे झाले तरी उजाडला नाही. तेव्हा गुलबानूनेच आपली खोबरेल तेलाची बाटली काढली. भावाच्या घाण्यावरचं तेल, गावाहून आलेलं, जपून वापरायचं. "माझ्या बापाने होडीच्या कड्यांना हेच घातलं जन्मभर," असं म्हणत तिने हबवरचं इवलंसं झाकण उघडून आत धार सोडली. हारून जरा घुटमळला. पण चाक असं मऊ फिरायला लागलं की त्याने लगेच कॅरिअर घट्ट करायला घेतलं.

उन्हाळ्याची धग अजून सरली नव्हती. सायकल पाण्यासारखी चालली. सपाटीला तिसरा गिअर, पलीकडचा चढ आला की पहिला. गुलबानू कॅरिअरवर उशी टाकून बसे आणि मागून हुकूम सोडे. हारून डोंगराकडे एक नजर टाकी, श्वास रोखी, आणि पलीकडच्या काठावर सोडी. ज्या वादीत पूर्वी त्याचा जीव मुठीत राहायचा, ती आता एका श्वासाची झाली होती.

मग थंडी पडली. एका पहाटे वारा बोचत होता आणि डोंगरावर ढग बसले होते, काळे, न हलणारे. हारून काठावर थांबला.

"काय बघताय? मालकाला नाश्ता कोण देणार, ढग?" गुलबानू म्हणाली.

तो उतरला. बरोबर मध्यावर पायंडल एकदम हलकं झालं. पाय फिरत होते, साखळी फिरत होती, पण चाकाला जोर लागेना. सायकल डळमळली, थांबली. त्याने गिअर बदलला, पुन्हा बदलला. पायंडल नुसतंच फिरे.

हारूनने हबवर हात ठेवला. लोखंड बर्फासारखं होतं. आणि त्याला गावची आठवण आली. थंडीत आई तेलाची बाटली उन्हात ठेवायची, कारण तेल थिजून पांढरं व्हायचं. इथेही तेच. आतल्या खिट्ट्या थिजलेल्या तेलात चिकटून बसल्या होत्या. सगळ्या कोकणाला ठाऊक असलेली गोष्ट, आणि दोघांपैकी एकालाही सुचली नव्हती!

"बसून राहा, मी ढकलतो," तो म्हणाला.

गोट्यांत चाक रुते. जड सायकल, वर गुलबानू. तेवढ्यात वारा पडला. शेळ्या मघाशी होत्या, आता एकही नव्हती. ओल्या मातीचा वास आला, आणि दूर कुठेतरी घरघर.

"ट्रक असेल," गुलबानू म्हणाली, पण तिचा आवाज बारीक झाला होता.

"उतर. सायकल सोड."

"अवो, एवढी मेहनत केलीत..."

"सोड म्हणतो ना!" लग्नानंतर पहिल्यांदाच तो तिच्यावर ओरडला.

त्याने तिचा हात खांद्यावर घेतला. ती लंगडत होती आणि अल्लाचं नाव घेत होती. पलीकडच्या चढावर पाय ठरेना, तेव्हा दोघं रांगत वर गेली. गुडघा ठेचला की ती कण्हायची आणि तो तिला बखोट धरून ओढायचा.

पाणी आलं ते भिंतीसारखं आलं नाही. तपकिरी, फेसाळ, काटक्या पुढे ढकलत, जनावर हुंगत यावं तसं आलं. सायकलपाशी पोचलं, तिला आडवी केली, झाकली. मग मागून खरं पाणी आलं, आणि कुठे सायकल होती हे दाखवता येईना.

गुलबानू काठावर बसून बघत होती. "चला," ती शेवटी म्हणाली, "उशीर झाला." हारूनला उठता येईना. गुडघा गेलेल्या बाईने त्याला हात देऊन उभं केलं.

मालकाला त्याने एवढंच सांगितलं की सायकल वाहून गेली. मालक चुकचुकला आणि म्हणाला, "इन्शाल्ला, दुसरी मिळेल."

वादी उतरायला तीन दिवस गेले. तेवढे दिवस दोघं मालकाच्या घरी कोठीत निजली, आणि मग बागेत परतली. आठवड्याने पुन्हा डोंगरावर ढग बसले. गुलबानू ओढणी सावरून दारात उभी राहिली. हारून खाटेवरून उठला नाही. उजाडलं. मोबाइल वाजू लागला. मालकाचं नाव दिसत होतं.

"उचला," ती म्हणाली.

नोकरी, खोली, मुलीची फी, सगळं त्या वाजण्यात होतं. त्याने फोन उचलला.

"अर्बाब, डोंगरावर ढग आहेत. बायकोला पळता येत नाही. मला भीती वाटते. आज आम्ही येत नाही."

हारूनने फोन कानावर घट्ट दाबला होता. पलीकडे कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, भांड्याला भांडं लागलं, आणि मालक म्हणाला,

"बरं. पीठ कुठल्या डब्यात ठेवलंयस?"