आक्कांची जबानी

मामंजी मामलेदार झाले की मला पदर तोंडात कोंबावा लागायचा. ओसरीवरच्या बाजेवर ते ऐटीत बसायचे, पटका सारखा करायचे आणि समोर उभ्या असलेल्या आपल्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, दरडावून विचारायचे, "बाई, ह्ये रान कोण कसतं?"

"माजा भाऊ कसतो, सायेब."

"आन तुमी?"

"मी निस्ती भाकरी घिऊन जाती."

इथं आक्कांना हसू फुटायचं. मामंजींनी उभ्या जन्मात त्या रानात कधी घाम गाळला नव्हता. ते बारामतीत गुळाच्या अडतीवर कामाला. काटेवाडीच्या शिवारातलं ते चार एकर रान कसायच्या त्या आक्का. ऐन तरुणपणी कुंकू पुसलं गेलं, तशा माहेरी आल्या आणि जे रानात शिरल्या ते शिरल्याच. पाण्याची दारं धरायची त्यांनी, वांगी-कांदा लावायचा त्यांनी, पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी भांडायचं तेही त्यांनीच. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा खुरपं कसं धरायचं हे मला सासूनं नाही, या आत्यासासूनं शिकवलं.

रान होतं इंदापूरच्या एका मालकांचं. आमचं घर त्यांचं कूळ. कूळकायद्यानं कसणाऱ्याच्या नावावर जमीन व्हायची होती आणि बारामतीच्या कचेरीत आमची तारीख लागली होती. मालकांनी हरकत घेतली: दिलेल्या खंडाच्या पावत्या भावाच्या नावच्या, राबते बहीण, मग खरं कूळ कोण? कोणीच नाही!

तारखेच्या आधी मामंजी तडजोडीला इंदापूरला गेले. मालक काही वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "तुझी बहीण देवभोळी आहे, खोटी शपथ घ्यायची नाही. रान भाऊ कसतो, मी त्याला हात लावत नाही, एवढं तिनं साहेबापुढं शपथेवर सांगू दे. तिथल्या तिथं हरकत मागं घेतो."

मामंजी उड्या मारतच घरी आले. आक्कांनी ऐकून घेतलं. "म्हंजी खोटं बोलायचं व्हय रं?"

"खोटं कसलं, आक्का? रान घरातच ऱ्हातंय न्हवं!"

त्यांनी खुरप्याची माती पुसली. मग म्हणाल्या, "बरं." आणि दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर आमची ती तालमीची कचेरी भरायला लागली. आम्ही हसत होतो! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

बारामतीला बाईमाणूस सोबत हवं म्हणून मी गाडीत बसले. कचेरीत कारकुनानं शपथ सांगितली, "ईश्वरसाक्ष खरं सांगेन." आक्का एकेक शब्द त्याच्या मागून म्हणाल्या. ईश्वर हा शब्द घरच्या तालमीत नव्हता. मामंजींना सुचलाच नव्हता तो. आक्कांचा चेहरा उतरला. तरी साहेबांनी विचारलं तसं त्यांनी न अडखळता सगळं सांगितलं. शेवटी साहेब म्हणाले, "रानात तुम्ही काहीच करत नाही?"

"न्हाय, सायेब. मी त्या रानाला हात लावत न्हाय."

मालकांनी हरकत मागं घेतली, रान मामंजींच्या नावावर व्हायचं ठरलं. बाहेर आल्यावर मामंजींनी सगळ्यांना जिलबी खाऊ घातली, मालकांनासुद्धा. आक्कांनी त्यांच्या वाटणीची माझ्या पदरात टाकली.

दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती. मी खुरपं घेऊन दारात उभी, "आक्का, चला की."

"तू जा, पोरी. मला न्हाय येता यायचं."

दमल्या असतील म्हटलं. पण त्या पुढच्या दिवशीही आल्या नाहीत, त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. पुढं कळलं, त्या शेजारच्या कन्हेरी गावच्या बायकांबरोबर लोकांच्या रानात रोजानं खुरपायला जातात. मामंजी संतापले, "माजी अब्रू घालवतीस का?" मग रडले, पाया पडले.

आक्का शांतपणे म्हणाल्या, "तुज्यावर राग न्हाय रं. देवाला साक्षी ठिवून बोलली मी. आता हात लावला तर मी खोटी, आन रान बी जायचं. ऱ्हाऊ दे. घरात हाय न्हवं, झालं."

पुढं कधीतरी अडतीवर गूळ घ्यायला आलेल्या एका वकिलानं बोलता बोलता मामंजींना सांगितलं, घरच्या माणसानं कसलं तरी कायद्याला ते कुळानंच कसल्यासारखं असतं. खरं सांगितलं असतं तरी रान मिळालंच असतं! एवढं कुणाला तरी आधी विचारावं, तर नाही. मामंजींनी घरी येऊन ते मान खाली घालून सांगितलं. आक्का भाकरी थापत होत्या. "आता सांगतुयास व्हय," एवढंच म्हणाल्या. कायदा कसाही असला तरी शपथ घेतलीच होती.

संध्याकाळी मात्र मला कोपऱ्यात घेऊन विचारायच्या. वांग्याला कीड न्हाय ना? कोपऱ्यातल्या वाफ्याला पाणी चढतं का? मी जमेल तसं सांगायची. माझ्या हातानं कांद्याच्या रोपांचं तरवं सडलं, तेव्हा ते सांगायचा मला धीर झाला नाही. बांधाबाहेरच्या वाटेवरून त्यांनी पाहिलंच असणार. त्या संध्याकाळी त्यांनी वांग्याचं तेवढं विचारलं, कांद्याचं नाही.

आक्का गेल्या त्या सकाळी माणसं जमली. कुठं न्यायचं, अशी कुजबुज सुरू झाली. मामंजी भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "तिच्या रानात न्या."

तिच्या! आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला. मला हुंदका आवरेना.

माझ्या नवऱ्यानं हळूच विचारलं, "आक्काला चालंल का, आबा?"

मामंजींनी तोंडावर पटका ओढून घेतला. मग ओढ्याकाठच्या मसणवटीत न्यायचं ठरलं. ओढ्याची जवळची वाट आमच्या रानातून होती. माणसं आक्कांना घेऊन लांबच्या वाटेनं गेली.