कॅप्टनने घासायची ताटे

अर्डिथ हॅलस्टेडबद्दल कोणीतरी लिहायला हवे होते. कोणी लिहिले नाही, म्हणून मी बसलो आहे; जमेल असे वाटत नाही. मी इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले, आणि निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी तिच्याकडे बटाटे सोलायला जात असे. माझा अधिकार तेवढाच.

आयोवातल्या आमच्या गावात शनिवारी अमेरिकन फुटबॉलचा सामना असला, की गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात अख्ख्या संघाचे जेवण असे. रांधायची अर्डिथ. ओव्हनमध्ये भाजलेला खिमा, कुस्करलेले बटाटे, शेवटी ॲपल पाय, सफरचंदाचे गोड सारण भरून भाजलेला. जेवण फुकट, पण एक रीत होती. जेवणे उरकली की ताटे कॅप्टनने घासायची. नव्या पोरांनी नुसती पुसून मांडायची. प्रशिक्षक नाव केव्हाही जाहीर करोत, यंदाचा कॅप्टन कोण हे गावाला कळायचे ते सिंकपाशी बाह्या सरसावून कोण उभा आहे यावरून. ही रीत अर्डिथच्या नवऱ्याने, ऑर्विलने पाडली. तोही याच कॉलेजकडून खेळलेला.

तेव्हा आणखी एक नियम होता, तो वरून, कॉलेजांच्या क्रीडा संघटनेकडून आलेला. खेळाडूने खेळाच्या जोरावर कोणाकडून काही घ्यायचे नाही. तळघरात बसून पोटभर जेवा, पण उरलेला ॲपल पाय डब्यात घालून नेलात तर ती लाच. कॉलेजचा एक माणूस जिन्याशी उभा राहून पोरांच्या हातांकडे बघत असे. अर्डिथने कधी कोणाला घासभरही बांधून दिले नाही. एवढ्याशा तुकड्यापायी पोर संघाबाहेर जायचे, असे ती म्हणे.

मग नियम बदलला. खेळाडूंना जाहिराती करून पैसे घेता येऊ लागले. हमरस्त्यावरच्या एका बार्बेक्यूच्या, धुरावर मांस भाजणाऱ्या हॉटेलाने आमच्या पुढच्या फळीतल्या सगळ्या धिप्पाड पोरांशी करार केला. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांनी तिथे बसून खायचे आणि गिऱ्हाइकांबरोबर फोटो काढायचे. त्या संध्याकाळी दुसरीकडे जेवायचे नाही, असेही करारात होते. फळी गेली तसे त्यांचे मित्रही तिकडे जाऊ लागले. तळघरातली टेबले एकेक करून भिंतीला लागली.

मला वाटले होते, अर्डिथ चिडेल. ती चिडली नाही. ऑर्विलचे दोन्ही गुडघे मैदानावर गेले होते. शेवटची काही वर्षे तो तळघराचा जिना उलट्या पावलांनी उतरायचा. खेळाबद्दल कॉलेजने त्याला एवढी एक लोकरी घोंगडी दिली होती, कोपऱ्यात कॉलेजचे अक्षर विणलेली.

"तीच गुडघ्यांवर घेऊन बसायचा," ती म्हणाली. "या पोरांना मिळतंय ना, मिळू दे."

पण तळघर चर्चचे होते. व्यवस्था पाहणाऱ्या ग्लेंडाने एकदा विषय काढलाच. मूठभर लोकांसाठी एवढा ओव्हन तापवायचा कशाला, असे तिचे म्हणणे. वर म्हणाली, "तूही कर ना एखादा करार. तुझ्या खिम्याशेजारी बसवून फोटो काढू पोरांचे."

"माझा खिमा फोटोत चांगला येत नाही, ग्लेंडा. तुझ्यासारखाच."

दोघी हसल्या, पण ठरले ते ठरले. हंगामातला गावातला शेवटचा सामना येईपर्यंत वाट बघायची. त्याआधीच्या गुरुवारी संघ आला तर पुढच्या वर्षी जेवण चालू, नाही तर बंद.

अर्डिथने आजवर कुणाला जेवायला या म्हणून विनवले नव्हते. त्या आठवड्यात ती सरावाच्या मैदानाबाहेर गाडीत बसून राहिली आणि कॅप्टन बाहेर आल्यावर काच खाली केली. टेव्हिन त्याचे नाव, करार झालेल्या फळीतलाच. दक्षिणेतल्या मिसिसिपीचा पोरगा, म्हणून तिकडच्या अदबीने तिला 'मिस अर्डिथ' म्हणायचा आणि आमच्याकडची पोरे त्याला त्यावरून चिडवायची. त्याने बुटांकडे बघत येतो म्हणून सांगितले.

गुरुवारी तिने सगळ्या संघाचा स्वयंपाक केला. मी बटाटे सोलले. इतके कशाला, हे विचारायचा मला धीर झाला नाही. आले ते पाद्री, आम्ही नेहमीची म्हातारी माणसे, आणि राखीव खेळाडूंतली तीन पोरे, ज्यांना कोणी करार देत नाही. जेवण झाल्यावर अर्डिथने स्वतःच ताटे घासून फळीवर लावली. ती तिघेही गेली.

मग जिन्यावर जड पावले वाजली. टेव्हिन होता. अंगात हॉटेलचा शर्ट, धुराचा वास. एकटाच.

"जेवायला नाही आलो, मिस अर्डिथ. तिथे खावंच लागतं." त्याने बाह्या वर केल्या. "ताटं घासायला आलोय."

सिंक कोरडे होते. अर्डिथने त्याच्याकडे पाहिले, मग फळीवरची धुतलेली ताटे उतरवली आणि नळ सोडून साबणाच्या पाण्यात ठेवली. त्याला हे दिसले नसेल असे नाही. तरी तो घासू लागला. मी फडके घेऊन पुसायला उभा राहिलो. नवा पोरगा म्हणून मीच उरलो होतो.

घासता घासता तो म्हणाला, त्या पैशांमुळे आईने रात्रपाळी सोडली. बोलताना त्याने मान वर केली नाही.

"मग खाली काय बघतोस?" अर्डिथ म्हणाली. "ऑर्विलला कोणी दिले असते, तर मी काय परत पाठवले असते?"

"पण तुमचा गुरुवार..."

"माझे पायही दुखतात रे, पोरा. उद्या मीच ग्लेंडाला सांगते, आता पुरे."

शेवटचे ताट पुसून झाल्यावर तिने एक अख्खा ॲपल पाय डब्यात भरून त्याच्या हातात दिला. टेव्हिन जिना चढू लागला, तेव्हा ती सवयीने वर पाहत राहिली, तिथे कॉलेजचे कोणी उभे आहे का ते. कोणी नव्हते. तिने ओव्हन बंद केला आणि मला विचारले, उरलेल्या बटाट्यांतले थोडे घरी नेता का.