टेकू काढायचे नाहीत

माझा नवरा तेओफिलो गवंडी चांगला, पण ‘नाही’ म्हणायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी. त्यात हे काम अबुन्दिओच्या घराचं. आमच्या लेकीला, दालिलाला, बाप्तिस्म्याला अबुन्दिओनंच हातावर घेतलं, तिचा धर्मबाप झाला, तेव्हापासून दोघं एकमेकांचे कोंपाद्रे. सख्ख्या भावाला एकवेळ नाही म्हणता येतं, कोंपाद्रेला कसं म्हणायचं?

ठरलं होतं एकाच मजल्याचं. पण आमच्या लिमाच्या टेकडीवर खांबांच्या सळया कुणी कापत नाही, पुढंमागं मजला चढेल म्हणून तशाच उभ्या सोडतात. त्या बघून अबुन्दिओ म्हणाला, “सळया आहेतच की, चढव मजला!” पाया एकाच मजल्याचा, तरी आमचे हे म्हणाले, “बघू.” मग त्यावर पाण्याची टाकी. पुन्हा “बघू”! तेव्हापासून नुसतं भांडं पडलं तरी हा झोपेतून दचकून उठायचा.

वरच्या मजल्याचा स्लॅब टेकूंवर ओतून झाला. सगळी वस्ती घमेली उचलायला आली, रिवाजाप्रमाणे बाटली फुटली, जेवणं झाली. आठवडा होतो न होतो तोच अबुन्दिओ दारात हजर.

“उद्या लेकीला पंधरावं लागतंय. टेकू काढून टाक, पोरी वरच्या मजल्यावरच नाचणारेत. टाकीपण भरलीय मी.”

नाचणाऱ्यांत आमची दालिलाही होती. “आता तरी तोंड उघड, मेल्या! स्लॅब ओला आहे अजून!” मी ओरडले.

तेओफिलो हातोडा घेऊन वर गेला, मी आणि अबुन्दिओ मागोमाग. निलगिरीच्या पहिल्या टेकूवर त्यानं हातोडा मारला. टेकू जरासा सरकला आणि डोक्यावर कुठंतरी कट्ट झालं. तेओफिलो पांढराफटक पडला. टेकू ठोकून परत जागेवर बसवला आणि त्या टेकूलाच मिठी मारली.

“नाही काढणार, कोंपाद्रे. मला भीती वाटते.”

“गवंडी आहेस का कोंबडी?”

“कोंबडी तर कोंबडी. माझी पोर याच्याखाली नाचणार नाही, आणि तुझीही नाही.”

पोरी रस्त्यावर नाचल्या. अबुन्दिओनं बोलणं टाकलं.

पुढं महिन्याभरानं भल्या सकाळी धरणी हलली. हलायची थांबली तसे आम्ही दोघं जीव मुठीत धरून अबुन्दिओच्या घराकडे धावलो. वर जाऊन बघतो तर तो त्याच टेकूला कवटाळून उभा, दातांवर दात आपटतायत.

“स्लॅब आता सुकलाय, कोंपाद्रे,” तेओफिलो हळूच म्हणाला. “काढू का?”

“हात तर लावून बघ!”