शेवटच्या शिट्टीचं भांडण

त्या रविवारी दुपारी आम्ही तिघांनी टीव्हीवर कलकत्त्याची फुटबॉल मॅच पाहिली. मी, माझी बायको आणि गल्लीतला घड्याळं दुरुस्त करणारा. रेफरी वेळ चोरतात, असा त्याला कायमचा संशय. म्हणून मॅच बघताना हातात घड्याळ धरायचा, एक डोळा मिटून, दुकानात भिंग लावल्यासारखा. त्याची टीम एका गोलनं मागे असताना शिट्टी वाजली, तसा उठलाच.

"अजून दोन मिनिटं व्हतात! बठ्ठा रेफरी पैसा खाईसन इकेल शेतस!"

बायको हसली. "भाऊ, तुमनंच घड्याळ पुढे पळत व्हई. सकाळे रेडिओसंगे लाई देखा, मंग बोला."

तो चहा न पिताच गेला.

पहाटे बायको झोपेतच गेली. अंगणात जो तो म्हणे, सुखानं सुटली. खोटं बोलत होते. तिला अजून जगायचं होतं. तेवढ्यात घड्याळवाला दुकानातला ट्रान्झिस्टर चालू करूनच घेऊन आला. लोक ओरडले. मी म्हणालो, "वाजू द्या."

तो तिच्या उशाशी बसला. बातम्यांआधीची पिपपिप घड्याळाशी ताडून पाहिली.

"अक्का, एक सेकंदबी फरक नही," तो तिला म्हणाला. "चोर तो रेफरीच."