पुसट अक्षरांचा प्रयोग

बी.एड.च्या वहीत माझ्या एका प्रयोगाला प्राध्यापकांनी ‘उत्तम’ असा शेरा दिला होता. ती वही अजून कपाटात आहे. मी ती सहसा उघडत नाही.

ऐंशीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील. तळवलीजवळच्या एका शाळेत मी सातवीला शिकवत होतो आणि सुट्ट्यांमध्ये बी.एड. करत होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. प्राध्यापकांनी मला खूप जीव लावून शिकवलं, आणि ते म्हणतील ते मला पटायचं. वाचायला अवघड अक्षरांतले शब्द जास्त लक्षात राहतात का, हे मुलांवर तपासून बघ, असं त्यांनी सुचवलं.

मी स्टेन्सिलवर वीस शब्द लिहिले. होडी, मीठ, कंदील, शेजारी, असे साधेच. सायक्लोस्टाईलच्या यंत्रावर आधी ठसठशीत कागद काढले, मग शाई न घालता हँडल फिरवत राहिलो. शेवटचे कागद खिडकीशी नेऊन वाचावे लागत होते. चाळीस मुलांपैकी निम्म्यांना स्वच्छ कागद दिले, निम्म्यांना पुसट. दोन मिनिटं वाचायचं, कागद परत करायचा आणि आठवतील ते शब्द लिहायचे. पुसट कागद मिळालेल्या मुलांनी कपाळाला आठ्या घालून, ओठ हलवत वाचलं, आणि त्यांनाच जास्त शब्द आठवले. मला केवढा आनंद झाला.

पुसट कागद मिळालेल्या एका मुलीने मात्र काहीच लिहिलं नव्हतं. मागच्या बाकावरची, अबोल मुलगी. पास होत राहील तोवरच शाळा, असं तिच्या वडिलांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. एकही शब्द आठवत नाही का, असं मी तिला विचारलं. शेजारची म्हणाली, “सर, ती वाचतच नवती. नुसती बघत व्हती.” मुलं हसली. मी तिचा कोरा कागद बाजूला ठेवला आणि वहीत मुलांची संख्या एकोणचाळीस लिहिली.

मग उत्साहाच्या भरात वार्षिक परीक्षेसाठीची टिपणंही मी मुद्दाम पुसट काढून वाटली. वर्गाचा निकाल चांगला लागला. ती नापास झाली.

निकालाच्या दिवशी वडील तिला घेऊन आले. जमीन गेल्यावर ते जवळच्या कारखान्यात लागले होते. पाळीवरून थेट आलेले दिसत होते. म्हणाले, “गुरुजी, डोकाच नाय तिला. तांदूल निवडाया बसवली तं खडे तसंच ठेवतं. आता घरीच बरी.”

खड्यांचं ऐकून मला तिचा कोरा कागद आठवला. टेबलाच्या खणातून तो वीस शब्दांचा कागद काढला आणि तिला एकदाच, सावकाश वाचून दाखवला. तिने बोटं मोजत अठरा शब्द सांगितले.

वडिलांनी तिला विचारलं, “मंग तवा लिवलं का नाय?”

“मना दिसलंच नाय,” ती म्हणाली.

टिपणं मी मुद्दाम पुसट काढली होती, ती माझ्यामुळे नापास झाली, तिची परीक्षा पुन्हा घेऊ, हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मुख्याध्यापकांना काय सांगायचं, आणि प्रयोगाचं काय होईल, या विचारात मी एवढंच म्हणालो की तिचे डोळे अधू आहेत, चष्मा लावावा लागेल.

वडिलांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. “चष्मेवाली पोर कोन करंल, गुरुजी? कोनाला बोलू नका.” आणि ते तिला घेऊन गेले.

जूनमध्ये तिचा बाक रिकामा राहिला. मी दोनदा घरी गेलो. वडिलांनी चहा पाजला, ती बाहेर आली नाही. खरं काय ते मी तेव्हाही सांगितलं नाही.

वही द्यायच्या आदल्या दिवशी एकोणचाळीसचे चाळीस करावेत म्हणून पेन उचललं होतं. पण मग तिच्यापुढे शून्य लिहावं लागलं असतं, आणि ते शून्य तिचं नव्हतं. आकडा तसाच ठेवला.

‘उत्तम’च्या खाली प्राध्यापकांनी आणखी एक ओळ लिहिली आहे. ‘निष्कर्षाचा वर्गात उपयोग करून पाहावा.’