दहा पंचावन्नचा मेल

मेश्राम सर वारले हे मला कोणी सांगितलं नाही. ते मी सर्व्हरच्या रांगेत वाचलं.

आज दुपारी. एक वाजून एकेचाळीस मिनिटांनी.

प्रत्येक ओळ दोनदा तपासून लिहितो आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात मेल सर्व्हर सांभाळतो. मेश्राम सर आमच्या आयटीचे हेड. मी बारावी नापास. छतावर केबल ओढायला आलो होतो. सरांनी खाली उतरवून खुर्चीवर बसवलं.

एक पानभर कमांड माझ्याकडून कागदावर लिहून घेतल्या आणि म्हणाले,
"अक्षर न् अक्षर बरोबर लिहितं गा तू. सर्व्हरले हेच लागते. तो डिग्री नाई पाहत."

मागच्या आठवड्यात आमच्याकडे एकाचा पासवर्ड चोरीला गेला. त्याच्या नावाने आमच्या सर्व्हरवरून ढीगभर फसवे मेल बाहेर गेले. मी इतका घाबरलो की शनिवारी एक नियम लावून टाकला.

पंचवीसपेक्षा जास्त लोकांना जाणारा मेल रांगेतच थांबेल. मी वाचेन, मी सोडेन, तेव्हाच तो जाईल.

सरांना सांगितलं तर हसले.

"एवढा काहून घाबरतं? आन् तू जेवाले गेला, तं मेल उपाशी बसून राहीन का?"

"दर तासाला बघेन, सर."

"पाह्य बापा. तासाले म्हणजे तासाले."

आज मी तासाला बघितलं नाही.

गोदामातलं नेटवर्क बंद पडलं होतं. सकाळी दहापासून तिथेच शिडीवर होतो. सर दिसले नाहीत, पण वाटलं, आमच्या दुसऱ्या, हिंगण्याच्या युनिटला गेले असतील.

फोन रोजच्यासारखा गेटवर, सिक्युरिटीच्या खोक्यात. आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवाल्यांना आणि कामगारांना फोन आत नेता येत नाही. दोन्ही युनिटमध्ये तोच कायदा. आत जे काही कळतं ते मेलवर. सुपरवायझर प्रिंट काढतो आणि बोर्डावर लावतो.

परत आलो तर इंटरकॉम वाजत होता. डिस्पॅचचे ठाकरे.

"अरे बाप्पा, डीलर लोकाईचा मेल सकाळपासून अडकून राहिला! सर्व्हर झोपला का तू झोपला?"

रांग उघडली. नऊ मेल थांबलेले. ठाकरेंचा पाचवा.

मी नेहमी सगळ्यात जुन्यापासून वाचतो. सगळ्यात जुना एचआरचा होता.

वेळ १०.५५. विषय: दुःखद निधन.

आत सरांचं नाव.

पहाटे हृदयविकाराचा झटका. अंत्यविधी दुपारी तीन वाजता, मानेवाडा घाट. सरांच्या जुन्या सोबत्यांसाठी हिंगणा युनिटमधून दीड वाजता कंपनीची बस सुटेल.

दीड वाजून गेला होता.

मी रडलो नाही. मला वाटलं, हा फसवा मेल आहे.

खरंच. मागच्या आठवड्यासारखंच कोणीतरी काहीतरी पाठवलं असेल. मी पाठवणाऱ्याचा पत्ता एकेक अक्षर करून तपासला. कुठल्या कॉम्प्युटरवरून आला ते तपासलं. सगळं बरोबर निघत होतं आणि मी चूक शोधत होतो. एक तरी चूक सापडू दे, एवढंच डोक्यात.

सापडली नाही. मग एचआरला इंटरकॉम केला.

"मॅडम, मेश्राम सरांचा मेल तुम्हीच पाठवला का?"

"हो रे. अकराच्या आधीच. काहून?"

मी स्क्रीनवरची वेळ परत वाचली.

"आत्ताच हिंगण्याहून ड्रायव्हरचा फोन आला होता. म्हणे, बस रिकामी उभी आहे, कोणी येऊनच नाई राहिलं. मी म्हटलं, असं कसं? अरे... तो मेल पोचलाच नाई का?"

१.५२ ला सोडला.

रांग सरकताना स्क्रीनवर दिसते. एकेक पत्ता, पुढे 'पोचला'. त्या यादीत सरांचाही पत्ता होता. त्याच्यापुढेही 'पोचला' आलं.

मेल कोणी उघडून बघेल याचा भरवसा वाटेना. म्हणून हिंगण्याच्या इलेक्ट्रिकल शॉपचा लँडलाइन लावला. तिथे बोरकर काका असतात. सर इथे यायच्या आधी हिंगण्यालाच होते, आणि तेवढी सगळी वर्षं दोघांनी एकाच डब्यात जेवण केलेलं.

"काका, मेश्राम सर..."

"काय केलं आता त्यानं?" हसतच विचारलं. सरांचं नाव निघालं की सगळे हसतच विचारायचे.

मला सांगावं लागलं.

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

मी गाडीने निघालो. तीनला पाच कमी असताना घाटावर होतो. मला सरांचा चेहरा बघायला मिळाला.

मी सांगितल्यावर सरांच्या मुलाने हिंगणावाल्यांसाठी दहा मिनिटं थांबवून धरलं. त्याहून जास्त थांबवता आलं नाही.

बस आली तीन वीसला. खचाखच भरलेली. तोवर अग्नी दिला होता.

बोरकर काका कंपनीच्या ड्रेसवरच होते, पायात सेफ्टी शूज. आधी चितेपाशी गेले. मग माझ्याकडे आले.

"मेल कितीले निंगाला होता?"

"दहा पंचावन्नला. माझ्या नियमात अडकला, काका. नियम मीच लावला होता."

मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मेश्राम काय म्हनला असता तुले?"

"लिहून ठेव, म्हणाले असते. आपल्या नावानं."

"मंग लिह."

आमच्याकडे बिघाडाचं रजिस्टर आहे. त्यात 'तांत्रिक कारण' लिहिलेलं सरांना चालायचं नाही. "कारणाले नाव असते," म्हणायचे. स्वतः चुकले की स्वतःचं नाव घालायचे.

रजिस्टरमध्ये उद्या लिहीन. पण त्या बसमधले लोक ते रजिस्टर वाचत नाहीत. म्हणून इथे, फोनवर सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे.

मेल आला १०.५५. सुटला १.५२. मधले दोन तास सत्तावन्न मिनिटं तांत्रिक कारणाने गेली नाहीत. माझ्यामुळे गेली.

हिंगण्याच्या सगळ्यांची माफी मागतो.

बोरकर काका, तुमची सगळ्यात जास्त.

सर, शेवटचा जय भीम.