केसरबाईच्या अकरा गाठी

आमच्या घाटनांदुरात हाड मोडायची कुणाला फारशी भीती वाटत नसे, कारण गावात माझी आत्या केसरबाई होती. झाडावरून पडा, बैलाची लाथ खा, जत्रेत मारामारी करा, चार माणसं तुम्हाला बाजेवर घालून आमच्या ओसरीत आणून टाकत. आत्या आधी तव्यावरची भाकरी उलथायची, मग हात धुऊन बाहेर यायची. कुठं दुखतंय असं तिनं कधी कुणाला विचारलं नाही. डोळे मिटून बोटं फिरवायची, आणि माणूस आपण कसे पडलो ते सांगण्यात गुंतला असतानाच हाड जागेवर बसवून मोकळी व्हायची. कुणी बोंब मारलीच तर म्हणायची, "आता कावून वरडतो? झालं की."

हाड बसवल्यावर बांबूच्या कामट्या बांधायच्या. मग ती लोकरीची एक दोरी घेऊन तिच्यात गाठी मारायची. हाताच्या हाडाला तीस, नडगीला पंचेचाळीस. ती दोरी आमच्या दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असे आणि रोज सकाळी आत्या तिची एक गाठ सोडी. शेवटची गाठ सुटली की कामट्या काढायच्या, घरच्यांनी नारळ आणायचा आणि मोकळी दोरी बारवेत सोडून द्यायची. गाठ शिल्लक असताना ती कामट्यांना हात लावू देत नसे, मग समोर पाटील असो की खुद्द तहसीलदार. माझे आईबाप तापात गेले तेव्हापासून मी तिच्याच घरी वाढलो. खुंटीवर एकाच वेळी पाचपाच दोऱ्या मी पाहिल्यात.

मला सांगायचंय ते फसली तेराशे वीस सालचं, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अकराचं, निजामाच्या अमलातलं. परळी वैजनाथला महाशिवरात्रीच्या जत्रेत हुतुतूचा सामना होई. जिंकणाऱ्या फळीला एकेक फेटा आणि म्होरक्याला चांदीचं कडं. तीन वर्षं लागोपाठ आम्ही परळीकरांकडून मार खाऊन परत आलो होतो. चौथ्या वर्षी आमच्या फळीत छबुबाईचा गहिनीनाथ आला. एकोणीस वर्षांचा, सामन्यात पहिल्यांदाच उतरणारा.

आम्ही बाकीचे अंग राखून खेळायचो. उद्या परत रानात जायचंय हे आमच्या डोक्यात असायचं. गहिनीनाथला अर्धं खेळताच येत नसे. समोरचा गडी दम घालत आत आला की हा डाव्या पायावर सगळा भार टाकून आडवा सूर मारायचा आणि त्याचा घोटा धरायचा. वरून चार जण पडले तरी सोडायचा नाही. स्वतः दम घालायला गेला की तिघांना अंगावर घेऊन मधल्या रेघेपर्यंत ओढत आणायचा. आणि हे सगळं सरावात, आमच्याच गड्यांशी.

पारावरची म्हातारी माणसं म्हणायची, नव्याचे नऊ दिवस, एकदा अंग मोडलं की येईल ठिकाणावर. काहींना खरोखरच भीती वाटे. छबुबाई विधवा, पाच एकर कोरडवाहू, एक बैलजोडी आणि नांगर धरायला हा एकच पोरगा. याचा पाय गेला तर त्या घराची चूल पेटणार कशी, हा प्रश्न होताच. पण आमचा म्होरक्या धुळाजी तो उडवून लावी. "मोडलं तर मोडू दे बे. केसरआक्का हाय की गावात."

खरं सांगतो, आम्ही सगळेच तसे होतो. बसवणारी घरात आहे म्हटल्यावर मोडण्याचं भय कोण बाळगतो?

एक दिवस आम्ही सराव करत होतो त्या माळावरून आत्या शेणाची पाटी घेऊन चालली होती. ती थांबली. गहिनीनाथनं दोनदा सूर मारला तेवढा वेळ ती बघत राहिली, मग पाटी खाली ठेवून रेघेपाशी आली. "गहिन्या, डाव्या पायावर पडू नको. खांद्यावर पड, पाठीवर पड."

गहिनीनाथ हसला. "आक्का, ह्यो पाय तू बसविल्याला हाय. उजवा मोडल येकांद्या वक्ती. डावा मोडत न्हाई."

सगळे हसले. आत्यानं बसवलेलं हाड पहिल्याहून पक्कं होतं, असा गावाचा विश्वास होता. बाराव्या वर्षी गहिनीनाथ पाखरं राखायच्या माळ्यावरून पडला होता आणि त्याची डावी नडगी मोडली होती. आत्यानंच ती बसवली होती. आत्या मात्र हसली नाही. तिनं पाटी उचलली आणि घरी गेली.

संध्याकाळी मी जेवायला बसलो तर तिनं फळीवरच्या मडक्यात हात घातला आणि एक दोरी काढून माझ्यासमोर ठेवली. लोकर काळपट झाली होती. एका टोकाला गाठी होत्या.

"मोज, शहादेव."

मी मोजल्या. अकरा.

"ही गहिन्याची," ती म्हणाली. "चौतीस सोडल्या व्हत्या. मग माज्या लेकीच्या सासरचा मानूस आला, पोरगी बाळतपनात अडलीय म्हनला. जायाला तर पायजे. रोज आवळल्याबगर कामट्या ढिल्या व्हत्यात, आन ढिल्या कामट्या असल्यापरीस नसल्याल्या बऱ्या. म्या त्या काढल्या आन छबूला सांगितलं, झालं म्हनून. खरं सांगितलं असतं तर तिनं मला सोडलं नसतं. म्हैन्यानं आले तर पोरगं वासरांमागं पळत व्हतं. नडगीला केसभर बाक आलाय. डोळ्याला दिसत न्हाई, बोटाला लागतो."

ही बाई गाठ असताना पाटलाचं ऐकत नव्हती, आणि तिनंच अकरा गाठी तशाच ठेवल्या होत्या. पण मी काय म्हणालो ते ऐका. "आत्या, झाकली मूठ सव्वा लाखाची. सात वर्सं काही झालं न्हाई. एवढी शिवरात्र होऊ दे, मग बघू."

तिच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून मी असं बोललो, अशी मी माझी समजूत काढली. ते खोटं होतं. मला परळीत जिंकायचं होतं आणि गहिनीनाथशिवाय आम्ही जिंकत नव्हतो.

पुढचे पंधरा दिवस मला अन्न गोड लागेना. गहिनीनाथ सूर मारायचा आणि मी आधी त्याचा पाय बघायचो, मग गडी मेला की वाचला ते. आत्या छबुबाईकडं जाऊन आली. "छबू, पोराला जरा आवर," एवढंच तिच्या तोंडून निघालं. छबुबाई म्हणाली, "तुज्या हातचं हाड हाय आक्का, मला भ्या न्हाई." आत्या तशीच परत आली. त्या बाईच्या विश्वासापुढं तिची जीभ उचलली नाही.

सामना शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, देवळाच्या टेकडीखाली. आमचं निम्मं गाव चालत आलं होतं. तहसीलदारसाहेब खुर्चीवर, बाकीचा मुलूख जिथं जागा मिळेल तिथं. तीन डाव खेळायचे, दोन जिंकेल तो जिंकला.

पहिला डाव परळीनं घेतला. दुसऱ्यात आमचे सहा गडी मेले आणि तिथून गहिनीनाथनं एकट्यानं डाव फिरवला. दोघांना मारून आला, मग तिघांना. शेवटी त्यांचा एकच गडी राहिला, रेड्यासारखा धिप्पाड. तो दम घालत आत आला, गहिनीनाथच्या बोटाला चाटून वळला, आणि यानं सूर मारला. घोटा सापडला. तो गडी अख्खाच्या अख्खा त्याच्या डाव्या पायावर कोसळला आणि तिथंच त्याचा दम सुटला.

आमच्या लोकांनी फेटे उडवले. मी गहिनीनाथकडं बघत होतो. तो उजव्या पायावर उठला. नडगीवरची माती झाडायला वाकला आणि झाडून झाल्यावरही त्याचा हात तिथंच राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई. खरचटलं."

तो माझ्याकडं न बघता बोलला. मी समजलो, आणि तरीही गप्प बसलो. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना माझी मलाच चीड येते.

तिसऱ्या डावाआधी पाणी प्यायला थोडी उसंत होती. तेवढ्यात आत्या सरळ मैदानात आली. बायामाणसं मैदानात येत नसत, त्यामुळं गलका एकदम कमी झाला. तिनं गहिनीनाथला खाली बसवलं आणि अंगठ्यानं नडगी दाबली. पोराचा चेहरा हलला नाही, पण त्याच्या पायाची बोटं आखडली.

"ह्यो आता खेळत न्हाई," आत्या म्हणाली.

धुळाजी पुढं आला. "आक्का, येकच डाव राहिलाय. मोडलं तर तू हायस की."

"आक्का, तुजं हाड हाय," गहिनीनाथ म्हणाला. "काय व्हत न्हाई त्याला."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान फिरवली. तेव्हा तिनं बायांच्या घोळक्याकडं तोंड करून हाक मारली, "छबू, हिकडं ये." छबुबाई आली. आत्यानं कमरेच्या पिशवीतून ती दोरी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"ही गहिन्याची दोरी. अकरा गाठी सोडायच्या राहिल्यात. माजी लेक अडली व्हती, म्हनून म्या आदीच कामट्या काढल्या आन झालं म्हनून सांगितलं. ह्ये हाड म्या कच्चं सोडलंय. माज्या नावावर इसंबून ह्यो उड्या मारतो, आन ते नाव ह्या पायापुरतं खोटं हाय."

धुळाजी एक पाऊल मागं सरला. छबुबाई दोरीकडं बघत होती. "सात वर्सं," ती म्हणाली. "माज्या वट्यावर बसलीस, माज्या घरची भाकर खाल्लीस, आन ह्ये पोटात ठिवलंस?" आत्यानं मान खाली घातली नाही.

गहिनीनाथनं दोरी हातात घेतली आणि एकेक गाठ बोटानं चाचपली. मग माझ्याकडं वळला.

"तुला ठावं व्हतं का, शहादेव?"

मी हो म्हणालो. तो उठला, लंगडत रेघेबाहेर गेला आणि बसला.

तिसरा डाव आम्ही हरलो. शेवटचा गडी मीच होतो. दम घालत गेलो, नेहमीसारखं अंग राखलं आणि दोन पावलांत सापडलो. कडं परळीतच राहिलं.

परतीच्या वाटेवर आत्यापासून सगळे पन्नास पावलं दूर चालत होते. तिच्याबरोबर मी एकटा. गावात आल्यावर कुणी म्हणालं, बाईनं सामना घालवला. कुणी म्हणालं, बाईनं पोराचा पाय घालवला. जे कधीच तिच्याकडं आले नव्हते तेही आपली कुठली हाडं तिनं कच्ची सोडली असतील याचा विचार करू लागले. त्याच आठवड्यात एकाचा हात मोडला तर त्याला बैलगाडीत घालून मोमिनाबादच्या दवाखान्यात नेलं, आमच्या दारावरूनच. आत्या दारात उभी होती. गाडी गेली तशी ती आत आली आणि जात्यापाशी बसून रडली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पण त्याआधी, परळीहून आल्याच्या दुसऱ्याच सकाळी, गहिनीनाथ काठी टेकत आमच्या ओसरीवर आला होता. पाय लांब करून बसला.

"अकरा राहिल्यात न्हवं? बांद."

"आता अकरा दिसांनी भागत न्हाई," आत्या म्हणाली. "आत सूज हाय. येकवीस तरी लागत्याल."

"मंग धा आजून मार."

आत्यानं कामट्या बांधल्या. जुन्या दोरीत दहा नव्या गाठी मारल्या आणि ती सात वर्षांनी परत खुंटीला टांगली. मी काही न सांगता छबुबाईच्या रानात गेलो आणि ज्वारी काढायला लागलो. ती मला दुपारची भाकरी बांधावर ठेवून द्यायची आणि न बोलता निघून जायची. एकवीस दिवस तसंच चाललं. आमच्या घराकडं ती एकदाही फिरकली नाही.

तिसऱ्या डावात गहिनीनाथ उतरला असता तर पाय मोडला असता का? मला आजही सांगता येत नाही. आत्यालाही येत नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मोडला नसता तरी म्या सांगितलंच असतं."

एकविसाव्या सकाळी खुंटीवर एकच गाठ उरली होती, जुनी, सगळ्यात आतली. गहिनीनाथ पाय पसरून बसला होता. गल्लीत पाचसात माणसं उगाच रेंगाळत होती. आत्या गाठ सोडायला बसली तर ती सुटेना. सात वर्षांची लोकर घट्ट बसली होती. गहिनीनाथ म्हणाला, इळ्यानं काप आक्का. ती नाही म्हणाली.

तेवढ्यात गल्लीतली माणसं बाजूला झाली. छबुबाई आली होती, हातात नारळ. ती पायरीवर बसली. नारळ मांडीवर ठेवला आणि आत्याच्या हातांकडं बघत राहिली.

"सावकाश सोड, आक्का," ती म्हणाली. "आज तुला कुठं जायाचं न्हाई."

आत्यानं पदरानं डोळे पुसले आणि दोरी पुन्हा हातात घेतली. ऊन पायरीवर आलं तेव्हा ती गाठ सुटली.